साप खात नाही, तेव्हा

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, चंदगड तालुक्यात ढोलगरवाडी नावाचे गाव आहे. इथून जिल्ह्याच्या गावापेक्षा बेळगाव जवळ. साठच्या दशकात बाबुराव टक्केकर यांनी इथल्या मामासाहेब लाड विद्यालयाच्या मुलांना सापांची ओळख करून द्यायला सुरुवात केली. साप दिसला की काठी शोधायची, हीच तेव्हा सगळीकडची रीत होती. त्या काळात शेतकऱ्यांच्या मुलांनी नाग, घोणस, धामण, दिवड वेगवेगळे ओळखावेत, विषारी आणि बिनविषारी यांतला फरक सांगावा, ही गोष्ट साधी नव्हती. ढोलगरवाडीची शाळा ‘सर्पशाळा’ म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि नागपंचमीला तिथले साप बघायला लांबून माणसे येऊ लागली.

साप ओळखायला चार दिवसांत शिकता येते. साप सांभाळणे मात्र फार वेगळे काम आहे. सर्पालय असो, सर्पमित्राच्या घरातली बरणी असो की एखाद्या हौशी तरुणाच्या खोलीतली काचेची पेटी, साप बाळगणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी एकच प्रश्न पडतो: हा खात का नाही? समोर उंदीर ठेवला तरी साप ढुंकून बघत नाही. आठवडा जातो, महिना जातो. माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस त्या सापाला भुकेपेक्षा जास्त इजा करू शकतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घ्यायला हवे.

आपल्याकडे हा प्रश्न दोन प्रकारच्या लोकांना पडतो आणि दोघांना द्यायची उत्तरे एकमेकांच्या उलट आहेत. पहिला सर्पमित्र. त्याच्याकडे घरातून, विहिरीतून किंवा उसाच्या फडातून पकडलेला आपल्याच मातीतला साप आहे. दुसरा बॉल पायथनसारखा परदेशी साप पाळणारा.

आधी सर्पमित्राचे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार भारतातला कोणताही रानटी साप घरात पाळता येत नाही. वाचवलेला साप लवकरात लवकर, शक्यतो सापडला त्याच परिसरात सोडायचा असतो आणि वनखात्याला त्याची माहिती द्यायची असते. वनखात्याची ‘हॅलो फॉरेस्ट’ ही हेल्पलाइन १९२६ या क्रमांकावर आहे. तरीही ‘दोन दिवस ठेवू, जरा खाऊ घालू आणि मग सोडू’ असा मोह होतो. या मोहात दया असते, पण साप दयेने खात नाही. नुकताच पकडला गेलेला रानटी साप पहिले काही दिवस जवळजवळ कधीच अन्नाला तोंड लावत नाही. त्याच्या दृष्टीने तो शिकाऱ्याच्या तावडीत असतो, आणि अशा वेळी पोट भरून सुस्त होणे म्हणजे मरण. पुष्कळ साप भीतीने आधी खाल्लेलेही ओकून टाकतात. अशा सापाच्या उपासावर एकच उपचार आहे, त्याला सोडणे.

बत्तीस शिराळ्याचे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. सांगली जिल्ह्यातल्या या गावात नागपंचमीच्या आधी नाग पकडून मडक्यांत ठेवायचे आणि सणाला त्यांची मिरवणूक काढायची, ही जुनी परंपरा. उच्च न्यायालयाने त्यावर निर्बंध घातले. परंपरेवर श्रद्धा असलेल्यांच्या भावना मी समजू शकतो. पण त्या दिवसांत मडक्यातल्या नागाच्या शरीराचे काय होत असेल, याचाही विचार व्हायला हवा. गारुड्याच्या टोपलीतला नाग दूध पितो असे लोक सांगतात. त्यामागे अनेक दिवस कोंडलेली तहान असते. पाण्याविना ठेवलेला साप समोर येईल ते द्रव पितो. दूध पचवणारी यंत्रणा त्याच्याकडे नाही. दुधाने त्याचे पोट बिघडते, आणि जबरदस्तीने पाजलेले दूध श्वासनलिकेत गेले तर फुफ्फुसात संसर्ग होतो.

मांडुळाची दशा याहून वाईट. गुप्तधन आणि औषधाच्या भोळ्या समजुतींमुळे या गरीब, बिनविषारी सापाची तस्करी होते. वजन जास्त भरले तर भाव जास्त, म्हणून त्याला जबरदस्तीने खाऊ घालण्याचे प्रकार होतात. मांडूळ जमिनीत राहणारा साप आहे. सैल मातीत अंग पुरून, फक्त डोके वर ठेवून तो उंदराची किंवा सरड्याची वाट बघतो. त्याला फरशीवर किंवा प्लास्टिकच्या डब्यात ठेवले तर त्याची शिकारीची पद्धतच हिरावली जाते. तो खाणार कसा?

रानटी साप पिंजऱ्यात न खाण्याचे आणखी एक कारण असते. त्याला काय द्यायचे हेच आपल्याला ठाऊक नसते. ‘साप उंदीर खातो’ हे वाक्य धामणीपुरते ठीक आहे. दिवडाला मासे आणि बेडूक लागतात. कवड्या पाली पकडतो. हरणटोळाला सरडे आणि बेडूक हवेत, तेही हलते, डोळ्यांसमोर असलेले. मण्यार इतर साप खाते. गांडुळासारखा दिसणारा वाळा मुंग्या-वाळवीच्या वारुळात शिरून अंडी आणि अळ्या टिपतो. सह्याद्रीतला खापरखवल्या गांडुळांवर जगतो. विदर्भात आढळणाऱ्या अंडीखाऊ सापाला फक्त पक्ष्यांची अंडी लागतात. नागराज तर सापांवरच जगतो. प्राणिसंग्रहालयांत त्याला उंदराची सवय लावायची तर उंदराला सापाचा वास लावावा लागतो, आणि बऱ्याच दिवसांच्या प्रयत्नानंतर तो त्या वासाने फसतो. एवढी चिकाटी आणि एवढी सोय घरी कुणाकडे नसते.

पावसाळ्यात सर्पमित्रांपुढे पिल्लांचाही प्रश्न येतो. बांधकामाच्या जागी किंवा जुन्या भिंतीत सापडलेली नागाची, दिवडाची अंडी उबवली की पिल्ले बाहेर पडतात आणि लगेच ‘यांना काय घालायचे’ म्हणून धावपळ सुरू होते. काही घालायचे नाही. अंड्यातल्या बलकाचा साठा पिल्लाच्या पोटात असतो. पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडा-दहा दिवस, त्याला अन्नाची गरजच भासत नाही. वनखात्याला कळवून ती पिल्ले योग्य जागी सोडावीत, हेच त्यांचे पालनपोषण.

आता पाळीव साप. भारतात पाळल्या जाणाऱ्या सापांत बॉल पायथन सर्वांत जास्त दिसतो. हा पश्चिम आफ्रिकेतला छोटा अजगर. घाबरला की डोके आत घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. घाना, टोगो, बेनिन या देशांतून तो जगभर गेला. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्रजातींच्या यादीत तो येतो. २०२२ साली वन्यजीव कायद्यात झालेली दुरुस्ती आणि २०२४ चे नोंदणीचे नियम यांमुळे असा प्राणी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर त्याची नोंद करणे बंधनकारक आहे. कागदपत्रांशिवाय साप विकत घेऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन. चोरट्या मार्गाने आलेला साप बहुधा आजारी, पाण्याविना सुकलेला आणि अंगावर गोचिडांसारखे किडे घेऊन आलेला असतो. न खाणाऱ्या सापांच्या बऱ्याच कहाण्या तिथूनच सुरू होतात.

घाबरण्याआधी सापाचे शरीर कसे चालते ते पाहू. आपण जे खातो त्यातला मोठा वाटा अंग गरम ठेवण्यात खर्च होतो. साप हा खर्च करतच नाही. ऊब तो बाहेरून घेतो, म्हणून त्याला अन्न फार थोडे लागते. अमेरिकेतील संशोधक मार्शल मॅक्यू यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बॉल पायथन, रॅट स्नेक आणि रॅटलस्नेक या तीन प्रकारच्या सापांना १६८ दिवस, म्हणजे सुमारे साडेपाच महिने, अन्नाशिवाय ठेवले होते. सापांनी आपल्या शरीराचा ऊर्जेचा वापर जास्तीत जास्त ७२ टक्क्यांनी कमी केला. साप जगले, आणि उपाशी असतानाही त्यांची लांबी थोडी वाढली. आपल्या भारतीय अजगराने दोन वर्षांहून अधिक काळ काही न खाल्ल्याच्या नोंदी जुन्या ग्रंथांत आहेत. बॉल पायथनचे आयुष्यही मोठे असते. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात साठी उलटलेल्या मादीने २०२० मध्ये अंडी घातली होती. एवढ्या आयुष्यात दोन-तीन महिन्यांचा उपास ही विशेष गोष्ट नाही.

त्यातून बॉल पायथन उपासासाठीच प्रसिद्ध आहे. प्रौढ नर विणीच्या हंगामात मादीच्या शोधात असतो, तेव्हा त्याचे खाण्याकडे लक्ष नसते. अंडी पोटात असलेली मादी खात नाही, आणि अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेली मादी जवळपास दोन महिने जागची हलत नाही. पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासात जन्मलेल्या सापांतही हा हंगाम टिकून आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत अन्न नाकारणारा धडधाकट, प्रौढ बॉल पायथन बहुतेक वेळा आजारी नसतो.

मग काळजी कधी करायची? यासाठी स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा वजनकाटा आणि एक वही पुरते. दर दहा-पंधरा दिवसांनी वजन घ्यावे, तारीख घालून लिहावे. कात कधी टाकली, विष्ठा कधी पडली, अन्न कधी दिले आणि कधी नाकारले, हेही लिहावे. दीड किलोच्या सापाचे वजन तीन महिन्यांत थोडेच उतरले असेल तर वाट बघता येते. दहा टक्क्यांहून जास्त उतरले तर पशुवैद्य गाठावा. वजनासोबत अंगावरही नजर हवी. भरलेल्या सापाचे अंग गोल असते. खंगलेल्या सापाच्या पाठीचा कणा कौलारू घराच्या आढ्यासारखा वर येतो आणि दोन्ही कुशी उतरत्या होतात. कातडीला सुटलेल्या चुण्या पाणी कमी पडल्याचे सांगतात. पिल्लांच्या बाबतीत एवढा धीर धरू नये. त्यांच्याकडे फार साठा नसतो. महिना-सव्वा महिना काही न खाल्लेले पिल्लू तज्ज्ञाला दाखवलेच पाहिजे.

वजन ठीक असेल तर सापाकडे बघणे थांबवून त्याच्या पेटीकडे बघावे. माझे ठाम मत आहे की पाळीव सापाच्या उपासाची बहुतेक उत्तरे पेटीत सापडतात, त्याच्या तोंडात नाही.

पहिली गोष्ट ऊब. कोल्हापूरची हवा माणसाला सुखाची आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा चौदा-पंधरा अंशांपर्यंत उतरतो आणि आपण स्वेटर घालून फिरायला निघतो. बॉल पायथनला पेटीच्या एका टोकाला ३१-३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५-२६ अंश लागतात, म्हणजे गरज पडेल तसे त्याला इकडून तिकडे सरकता येते. अंग थंड असेल तर पोटातले पाचकरस काम करत नाहीत. गिळलेला उंदीर पचण्याऐवजी कुजू लागतो, आणि तसा साप तो ओकून टाकतो. म्हणून थंडीत न खाणारा साप आपल्या शरीराला समजून वागत असतो. त्याला आग्रह करण्याआधी उष्णता वाढवावी. त्यासाठी हीटिंग मॅट किंवा सिरॅमिकचा हीटर चालतो, पण थर्मोस्टॅट हवाच. त्याशिवाय लावलेल्या मॅटने पोट भाजलेले साप असतात. तापमान बोटाने चाचपून ठरवू नये, वायरवाला डिजिटल थर्मामीटर साप जिथे बसतो तिथे ठेवावा. रात्री लाईट गेली तर पेटीवर गोधडी टाकावी आणि गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवावी.

हवेतला ओलावाही तपासावा. पावसाळ्यात कोल्हापुरात तो आपोआप मिळतो, उलट तेव्हा पेटी ओलीगच्च होऊन कातडीला बुरशी येणार नाही याची काळजी लागते. मार्च ते मे हवा कोरडी होते. तेव्हा मोठे पाण्याचे भांडे आणि ओल्या शेवाळाचा किंवा ओल्या कागदाचा एक डबा पेटीत ठेवला तर कात नीट निघते. कात टाकण्याचे दिवस जवळ आले की सापाचे डोळे दुधाळ निळसर होतात, त्याला नीट दिसत नाही. त्या आठवड्यात खायला देऊच नये. कात निघाली की ती उलगडून बघावी. डोळ्यांवरचे दोन पारदर्शक पापुद्रे तिच्यात असले पाहिजेत. ते डोळ्यांवरच राहिले असतील तर स्वतः ओरबाडू नयेत.

ऊब आणि ओलाव्यानंतर लपायला जागा. जंगलात हा साप दिवसभर उंदरांच्या बिळात किंवा वारुळात असतो. चारी बाजूंनी काच, वर ट्यूबलाईट आणि समोर घरातली ये-जा अशा पेटीत त्याला सतत उघड्यावर असल्यासारखे वाटते. अंगाला चारी बाजूंनी स्पर्श होईल असा घट्ट डबा किंवा उपडी कुंडी, एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला ठेवली, पेटीच्या तीन बाजू कागदाने झाकल्या, एवढ्यावर अनेक साप पुन्हा खाऊ लागतात. पाहुण्यांना साप हातात देण्याची हौस या काळात पूर्ण बंद ठेवावी. नव्याने आणलेल्या सापाला निदान आठवडाभर हातच लावू नये.

आवाजाबद्दल कोल्हापुरात वेगळे सांगायला हवे. सापाला बाहेरचे कान नाहीत म्हणून त्याला ऐकू येत नाही, असे आपण शाळेत शिकलो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये बॉल पायथनवरच प्रयोग केले. हवेतल्या आवाजाने त्याच्या कवटीत जे कंपन उठते ते त्याला जाणवते, आणि ८० ते १६० हर्ट्‌झच्या खालच्या सुरांना तो सर्वांत संवेदनशील आहे, असे त्यांना आढळले. गणपतीच्या मिरवणुकीतला डॉल्बीचा ठोका तिथेच आसपास असतो. मिरवणुकीच्या रस्त्यावर घर असेल तर त्या दिवसांत पेटी आतल्या खोलीत, जाड गादीवर हलवावी आणि साप आठवडाभर खाणार नाही हे गृहीत धरावे. वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर किंवा होम थिएटरशेजारी तर पेटी कधीच नको.

पेटी सुधारली, दोन आठवडे शांततेत गेले, तरी साप खात नसेल तर मग समोर काय ठेवतो ते बघावे. बॉल पायथन वासावर आणि उबेवर शिकार ओळखतो. जीभ बाहेर काढून तो हवेतला वास टाळूतल्या इंद्रियाकडे नेतो, आणि ओठांवरच्या खळग्यांनी समोरच्या जिवाची उष्णता टिपतो. फ्रीजमधून काढलेला थंडगार मेलेला उंदीर त्याच्या दृष्टीने अन्नच नसतो. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रीजच्या खालच्या खणात ठेवून वितळवावा, मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवावा, म्हणजे त्याला जिवंत उंदराइतकी, ३८ अंशांच्या आसपासची ऊब येते. उकळत्या पाण्यात टाकू नये, नाहीतर तो वरून शिजतो आणि पोट फुटते. मग तो कोरडा करावा. संध्याकाळी अंधार पडल्यावर लांब चिमट्याने सापासमोर हलकेच हलवावा. पाच-दहा मिनिटांत प्रतिसाद नसेल तर लपण्याच्या जागेच्या तोंडाशी ठेवून दिवे घालवावेत आणि निघून जावे. सकाळी तसाच असेल तर काढून टाकावा. पुन्हा आठवड्याने प्रयत्न करावा, रोज नाही. रोजच्या आग्रहाने सापाला उंदराच्या वासाशी भीती जोडायची सवय लागते.

उंदराचा आकार सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढा, त्याहून मोठा नको. उपाशी सापाला तर थोडा लहानच द्यावा. आफ्रिकेत या सापाच्या लहान वयातल्या आहारात पक्ष्यांची पिल्ले बरीच असतात, म्हणून कधीकधी कोंबडीच्या पिलाचे पीस उंदराला घासले की साप जागा होतो. पांढऱ्या उंदराऐवजी करडा, असा बदल करून पाहण्यातही अर्थ आहे, कारण लहानपणी जे खाल्ले तेच अन्न म्हणून ओळखणारे साप असतात. कोंबडीच्या मांसाचे तुकडे, खिमा किंवा अंडी देऊ नयेत. सापाला हाडांसकट, आतड्यांसकट पूर्ण प्राणी लागतो, नाहीतर कॅल्शियम कमी पडते.

दोन धोके इथे सांगितलेच पाहिजेत. पहिला जिवंत उंदराचा. साप खात नाही म्हणून जिवंत उंदीर रात्रभर पेटीत सोडला तर उंदीर सापाला कुरतडतो, पाठीचे मांस उघडे पडेपर्यंत. यात उंदराचेही हाल होतात. दुसरा धोका आपल्या भागातला. घरात किंवा उसाच्या शेतात पकडलेला उंदीर देऊ नये. उसाच्या पट्ट्यात झिंक फॉस्फाइड आणि ब्रोमॅडिओलोनसारखी उंदीरनाशके सर्रास वापरली जातात. विष खाऊन मंदावलेला उंदीर हाताला लवकर लागतो, आणि तेच विष सापाच्या पोटात जाते. शेतात धामणींचे जे मरण ओढवते ते पाळीव सापाच्या पेटीत आणण्याचे काही कारण नाही.

एवढे सगळे करूनही साप खात नाही आणि वजन उतरते आहे, तर आजार शोधावा लागतो. तोंड किंचित उघडे ठेवणे, श्वासाचा घरघर आवाज, नाकातोंडाशी बुडबुडे ही श्वसनाच्या संसर्गाची लक्षणे. हिरड्या लालभडक, तोंडात पिवळट चिकट थर असेल तर तोंड पिकले आहे, आणि दुखऱ्या तोंडाने कोणी खात नाही. पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके तरंगताना दिसले तर अंगावरचे माइट्स. अंगाच्या मध्यावर टणक फुगवटा आणि वारंवार उलटी यामागे क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी असू शकतो. डोके वर आकाशाकडे वाकवून तसेच धरून ठेवणारा साप मेंदूशी संबंधित विषाणूजन्य आजाराचा असू शकतो, त्याला घरातल्या इतर सापांपासून त्याच दिवशी वेगळे करावे. अशा वेळी ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घेऊन, पेटीच्या तापमानाच्या नोंदींची वही सोबत नेऊन पशुवैद्याला दाखवावे. गाई-म्हशी आणि कुत्री तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांना सापांचा अनुभव असतो असे नाही, म्हणून आधी फोन करून विचारावे. पुणे-बंगळूर महामार्गावर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथून योग्य तज्ज्ञाची चौकशी करता येते. मेडिकलमधून आणलेली माणसाची जंताची किंवा पोटाची गोळी ठेचून देणे हा अघोरी प्रकार आहे. मेट्रोनिडाझोल हे औषध भूक वाढवते असे हौशी लोकांत बोलले जाते. जास्त मात्रेत त्याने सापाच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो.

आणि जबरदस्तीने भरवणे. हा शब्द निघाला की मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण माणूस धीर सुटला की इथेच येतो. सापाची श्वासनलिका तोंडाच्या तळाशी अगदी पुढे उघडते. उंदीर किंवा नळी चुकीच्या दिशेने ढकलली तर ती बंद होते किंवा अन्न फुफ्फुसात जाते. अन्ननलिका पातळ असते, फाटू शकते. भीतीने साप भरवलेले ओकून टाकतो आणि आधीच कमी असलेले पाणी, क्षार, बळ आणखी घालवतो. खंगलेल्या पिल्लाला उंदराचे डोके हळूच जबड्यात देऊन त्याचे त्यानेच गिळावे अशी मदत करता येते, पण ती अनुभवी हातांनी. नळीने द्रव अन्न देणे हे डॉक्टरांचे काम आहे, आणि तेही अन्नाच्या आधी पाणी देऊन. सुकलेल्या सापाला कोमट पाण्याच्या उथळ टबात, झाकण लावून, लक्ष ठेवून पंधरा-वीस मिनिटे ठेवले तर तो पाणी पितो. घरच्या घरी एवढे जरूर करावे.

शेवटी एके रात्री साप खातो. आनंद होतो, आणि आता चांगला मोठा उंदीर देऊ असे वाटते. तिथे थांबावे. मोठा अजगर खातो तेव्हा शरीरात काय होते हे कॅलिफोर्नियातल्या स्टीफन सेकॉर आणि जॅरेड डायमंड यांनी नव्वदच्या दशकात मोजले. बर्मी अजगराचा ऊर्जेचा वापर खाल्ल्यानंतर उपाशी स्थितीच्या चाळीस पटींहून अधिक वाढू शकतो. उपासात आखडलेले आतडे दोन-तीन दिवसांत दुप्पट जड होते. हृदयसुद्धा दोन दिवसांत ४० टक्के मोठे होते, असे २००५ च्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसले. ही सगळी यंत्रणा नव्याने उभी करायला साप स्वतःच्या साठ्यातली ऊर्जा आधी खर्च करतो. खूप दिवस उपाशी राहिलेल्या सापाकडे तो साठाच तुटपुंजा असतो. पोटात एकदम खूप अन्न आले की रक्तातले पोटॅशियम आणि फॉस्फरस पेशींत ओढले जातात, आणि खाऊ लागलेला साप खाल्ल्यामुळेच दगावू शकतो. म्हणून पहिला उंदीर नेहमीच्या निम्म्याने लहान असावा. त्यानंतर दोन दिवस सापाला हात लावू नये आणि पेटीची गरम बाजू उबदार ठेवावी. उलटी झालीच तर दोन आठवडे पोटाला विश्रांती द्यावी. नाही झाली तर विष्ठा पडण्याची वाट बघून, सुमारे दहा दिवसांनी तेवढाच लहान उंदीर पुन्हा द्यावा. तो पचल्यावर मग हळूहळू नेहमीच्या आकाराकडे यावे.